करिश्माला हवे होते नऊ इंच

खण्ण! करिश्माच्या बारची प्लेट छपराच्या बल्लीला पुन्हा धडकली आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची, माती माझ्या टेपवर सांडली. कामठ्यातल्या रामटेकेंच्या परसबागेतल्या अवजारांच्या शेडची मला, आर्किटेक्ट म्हणून, जिम करायची होती. करिश्मा वेटलिफ्टर. जिल्ह्याची निवड चाचणी पाच आठवड्यांवर आलेली. गोंदियाच्या जिममध्ये तिला जागेपेक्षा सल्लेच जास्त मिळत, म्हणून सराव घरी करायचा होता.

"मॅडम, बल्लीच कापून टाका. कायले ठेवता?" तिचे वडील यशवंतभाऊ म्हणाले.

ही आडवी बल्ली म्हणजे टाय. उतरतं छप्पर दोन्ही भिंतींना बाहेर ढकलतं, टाय त्यांना धरून ठेवते.

"कापली तर भिंती फाकतील, भाऊ. छप्पर खाली येईल."

"हवा तं चांगली येईन."

हेडरूम, म्हणजे जमिनीपासून टायपर्यंतची मोकळी उंची, होती साडेसहा फूट. करिश्माचे वर केलेले हात आणि त्यावरची प्लेट धरली तर नऊ इंच कमी. छप्पर उचलायला दोन महिने लागणार. मुलींना वाकायला लावणाऱ्या छपरांवर मी तिथेच एक जोरदार भाषण ठोकलं.

करिश्मानं ते शांतपणे ऐकलं. "भाषन झालं असन तं नऊ इंचाचं बोलू का, मॅडम?"

तेवढ्यात तिची आई, कमलाबाई, चहा घेऊन दारातून वाकून आत आल्या. "पयले मी डोक्स्यावर गवताचा भारा घेऊन इथून सरळ येत होती. आता भारा नाई तरी वाकून रायली."

"तू वाढली असशीन," भाऊ म्हणाले.

"या वयात? अन् दरसाल मुरूम कोन टाकते इथं?"

भाऊ पायाखाली बघू लागले. पाणी आत येऊ नये म्हणून ते दर पावसाळ्याआधी मुरमाचा एक थर टाकून चोपत. धानाच्या गावात जमीन उंच करतात, खाली कुणी नेत नाही. मीसुद्धा दिवसभर वरच बघत होते.

कोपऱ्यात खड्डा घेतला. सतरा इंचांवर विटांची जुनी फरशी लागली. पाया तिच्याही खाली, शाबूत.

"जमीन खाली नेता? पानी भरन. गाव हासन," भाऊ कुरकुरले.

"पाणी दारातच अडवू. गावाचं तुम्ही बघा."

उंबरा उंच ठेवला, आत दोन पायऱ्या केल्या, बाहेर नाली काढली. प्लेट आपटल्या तरी फरशी फुटू नये म्हणून काँक्रीट आणि वर रबर मॅट घातली. त्यात पाच इंच गेले. तरी एक फूट हाती राहिला.

तिसऱ्या आठवड्यात करिश्मानं बार डोक्यावर नेला. आम्ही तिघंही श्वास रोखून बल्लीकडे बघत होतो.

"मले पाहा ना कोनी!" ती बार तसाच धरून ओरडली.

तिची निवड झाली. पावसाळ्यात शेड कोरडी राहिली. भाऊ गावात सांगतात, जमीन उंच ठेवली होती म्हणूनच तर खाली नेता आली.

आता जुन्या खोलीला टेप लावण्याआधी मी विचारते, इथं रोज वाकून कोण येतं? पहिली मीटिंग तिच्याशी.