आंतरराष्ट्रीय वसतिगृहात आमचा कूलर

माझ्या मुलीच्या शाळेत घोडे आहेत, पोहण्याचा तलाव आहे आणि जेवणाआधी तीन प्रकारचे सूप मिळते. मिळत नव्हती ती फक्त झोप.

शर्वरीची आई गेल्यानंतर मी तिला नागपूरबाहेर, वाडीच्या पुढे, अमरावती रस्त्यावरील एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत ठेवले. एकमेकांसमोर रडू नये म्हणून आम्ही दोघे घरात पाठ फिरवून बसत असू. त्यापेक्षा तिने मुलींमध्ये राहावे, असा माझा निष्कर्ष. (मी विज्ञानाचा शिक्षक. घरच्या बाबतीत निष्कर्ष आधी काढतो, निरीक्षण नंतर करतो.)

उन्हाळा लागला आणि तिचा फोन आला. खोलीत एसी होता, गादी मऊ होती. पण तो एसी आवाजच करीत नव्हता.

"बाबा, इतकं शांत असतं की आईच आठवत राहते. मी घरी येते."

नागपूरचे मूल कूलरच्या घरघरीत वाढते. धरमपेठेतल्या आमच्या घरचा कूलर शर्वरीच्याच वयाचा. त्याच्या आवाजात तिची आई तिला थोपटत असे. या रिकाम्या घरात मुलगी परत यायला नको असेल, तर कूलरने तिकडे गेले पाहिजे, हे उघड होते. माझा मेहुणा दिनकर याने आपला मालवाहू ऑटो आणला.

"भाऊजी, एसीच्या खोलीत कूलर? लोकं हासतीन न जी."

मी त्याला बाष्पीभवन समजावून सांगितले. त्याने ऑटो सुरू केला.

पालकभेटीच्या रविवारी फाटकावर आमची झडती झाली. बाहेरचे खाद्यपदार्थ निषिद्ध, म्हणून संत्रा बर्फी जप्त झाली. कूलरचा विचार मात्र नियम करणाऱ्यांना सुचला नव्हता. रक्षकाने त्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"याच्यात खायचं तं काही नाही न?"

"नाही."

"मंग जाऊ द्या."

आता एक मूलभूत नियम. कूलरच्या बाजूंच्या जाळीदार ताट्यांत नवे गवत भरले असेल, तर आधी पंप लावावा, गवत भिजू द्यावे आणि मगच पंखा लावावा. हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण शर्वरी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, डोळे सुजलेले. तिला तो आवाज ताबडतोब ऐकू यावा, म्हणून मी आधी पंखा लावला!

कोरड्या गवताची धूळ वावटळीसारखी उठली. छतावरच्या यंत्राने तिला धूर समजून भोंगे वाजवले. सारे वसतिगृह रणरणत्या उन्हात मैदानावर उभे राहिले. परदेशी पालक सुपाचे वाडगे हातात धरून रांगेत होते. (घोड्यांनाही बाहेर काढले. त्यांची मुद्रा पालकांपेक्षा सौम्य होती.) वॉर्डनबाईंनी विचारले, खोलीतले ते धुळीचे यंत्र कोणाचे? दिनकर आकाशाकडे पाहू लागला.

"माझ्या बाबांचं," शर्वरी म्हणाली.

तिच्या खोलीतल्या मुलींनी ते काय होते असे विचारले, तेव्हा तिने तोंडाने घरघर करून दाखवली. शेवटी पंप खोकतो तो ठसकासुद्धा. मुली हसल्या. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच तीही हसली.

आता तिला इथे तोंड दाखवता येणार नाही, असा निष्कर्ष काढून मी मान खाली घालून तिला सामान भरायला सांगितले.

"मी राहते, बाबा. आता या मुली रोज मला कूलर करायला लावतील." मग हळूच म्हणाली, "तुम्ही तो घरी न्या. तुमच्याजवळ ठेवा."

तिला आता झोप लागते. सध्या डिसेंबर आहे आणि नागपूर गारठले आहे. परवा दुपारी दिनकर आला, तेव्हा मी कानटोपी घालून, दोन गोधड्या पांघरून, कूलर लावून पडलो होतो.

"भाऊजी, हे काय करून राहिले?"

मी त्याला पुन्हा बाष्पीभवन समजावू लागलो. त्याने वाकून पाहिले. टाकीत पाणीच नव्हते.