बोगोटातल्या भिंतीला लावलेलं कुंकू

सीमेलगतच्या, कर्नाटकातल्या खजुरी गावात शाळेच्या भिंतीवर यंदा कुणीतरी रंगीत चित्रं काढली. पाटी घेतलेली पोरगी, झाडाला पाणी घालणारा म्हातारा, एक गाय. गावातल्या बाया जाता-येता कौतुकानं बघतात. राजूबाई तेवढी भिंतीपासून लांबून, रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेनं जाते. परवा शेजारच्या नागव्वानं तिला अडवलंच.

"अगं, चित्र हाय ते. चावायलंय का तुला?"

"ती पोरगी कोण हाय?" राजूबाईनं विचारलं.

"कोण म्हंजे? चित्रातली पोरगी."

"तिचं नाव काय? जिती हाय का?"

नागव्वा हसायला लागली आणि राजूबाईचं तोंड बघून मधेच थांबली.

ही राजूबाई भित्री बाई न्हवे. तूर घेऊन एकटी आळंदच्या बाजाराला जायची, अडत्याशी भांडण मराठीत सुरू करायची, कन्नडात चढवायची आणि दख्खनीत संपवायची. तिन्ही भाषांत तिला कुणी हरवलेलं नव्हतं. पण तिची लेक मंजुश्री नवऱ्याबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा नावाच्या शहरात नोकरीला गेली, तिकडंच दिवस राहिले, आणि बाळंतपणाला राजूबाईला विमानात बसावं लागलं. राघोबा, तिचा नवरा, तुरीला शेंगा भरायच्या दिवसांत रान सोडून जाणार कसा? तो घरीच राहिला.

नात झाली. गोरीपान, नाकेली. राजूबाईनं शेक-शेगडी सगळं यथासांग केलं. फक्त एक गोष्ट तिच्या जिवाला लागून राहिली होती.

त्यांच्या घरची रीत अशी. सव्वा महिना झाला की लेकरू पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर निघतं ते यल्लम्माकडं. देवीच्या पायाशी त्याला जमिनीवर ठेवायचं आणि म्हणायचं, "तुझं हाय, तू घे." मग एखाद्या लेकुरवाळ्या बाईनं, जिची लेकरं धडधाकट आहेत अशीनं, ते उचलायचं आणि आईच्या ओटीत घालायचं. देवीनं लेकरू परत दिलं, असा त्याचा अर्थ. उचलल्यापासून ओटीत पडेपर्यंत मधे दुसरा हात लागता कामा नये. मंजुश्रीचंही असंच झालं होतं. एवढं झाल्याशिवाय लेकरू आपलं म्हणायचं न्हाई.

"आई, इथं कुठली आलीय यल्लम्मा?" मंजुश्री म्हणायची.

"देवी न्हाई असं गाव असतंय का कुठं?"

"आपण पुढच्या साली गावाला आलो की करू."

"आन् तवर लेकरू कुणाचं?"

मंजुश्री लेकराचं दुपटं नीट करायला वळायची.

सव्वा महिना झाल्यावर रविवारी जावयानं, प्रशांतकुमारनं, शहर दाखवायचा बेत काढला. हा भालकीचा माणूस, स्वभावानं हौशी, पण बाहेर पडायचं म्हटलं की मिलिटरीवाला व्हायचा.

"मामी, इथली भिंतीवरची चित्रं बघायला जगातून लोक येतेत. अख्ख्या गल्ल्या रंगवल्यात. पण ध्यान देऊन ऐका. सोनं काढून ठेवायचं."

"मंगळसूत्र? नवरा जिता असताना? ते काय जमत न्हाई, जावई."

"मग आत घाला आन् स्वेटरची चेन गळ्यापर्यंत लावा. मोबाईल हातात धरायचा न्हाई. आन् कुणी समोर येऊन दरडावलं, तर वराडायचं न्हाई, झोंबायचं न्हाई. जे मागतील ते गपगुमान देऊन टाकायचं. इथले लोकच म्हणतेत, पपई देऊ नका. म्हंजे चोराला संधी देऊ नका."

"मागितलं तर द्यायचं, आन् पपई द्यायची न्हाई. नीट ठरवा की एकदा."

मंजुश्री हसली. पण निघताना तिनंही आईच्या स्वेटरची चेन हातानं वर ओढून पाहिली.

गल्ली चढाची होती. बोगोटा डोंगरावर, हवा विरळ. दहा पावलं टाकली की राजूबाईला दम लागायचा. पण भिंती बघून ती दमही विसरली. एका घराच्या अख्ख्या अंगावर घुबड. एका दुकानाच्या शटरवर म्हाताऱ्याचं तोंड, सुरकुतीत सुरकुती. "हे कुणाच्या लग्नाला रंगवलंय?" तिनं विचारलं. रोजच असं असतं हे ऐकून तिचा विश्वास बसेना. आपल्याकडं भिंतीवर चित्र म्हणजे एकतर लग्न, न्हाईतर देव.

पुढं एक भलंमोठं पाखरू रंगवलेलं दिसलं आणि प्रशांतकुमारला राहवेना. "एकच फोटो," म्हणत त्यानं खिशातून मोबाईल काढला. मंजुश्री त्याच्याभोवती राखणीला उभी राहिली, इकडं बघ, तिकडं बघ. नात राजूबाईच्या छातीशी होती, शालीत गुंडाळलेली.

आणि राजूबाईला समोरच्या कोपऱ्यावर ती दिसली.

माणसाएवढी उंच. हिरवा पोशाख, डोक्याभोवती पिवळ्या फुलांचा गोल, एक हात वर, तळवा उघडा. डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. पायाशी मेणबत्त्या जळत होत्या, ताजी फुलं होती, खाली काहीतरी लिहिलं होतं. मेणबत्त्या, फुलं, आशीर्वादाचा हात. आणखी काय पाहिजे? राजूबाईच्या अंगावर काटा आला.

"आलीस व्हय गं बाई," ती पुटपुटली.

तिनं बूट काढले. कमरेला खोचलेली कुंकवाची डबी काढली, टाचा वर करून भिंतीवरच्या कपाळाला अंगठ्यानं चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मग शाल फुटपाथवर पसरून नातीला मेणबत्त्यांच्या अलीकडं ठेवलं आणि हात जोडले. "तुझं हाय. तू घे."

पाठीमागून किंकाळी आली.

राजूबाई वळली. एक बाई धावत येत होती. पन्नाशीची, अंगात काळं जॅकेट, हातात थर्मास. थर्मास रस्त्यावर आपटला, काळी कॉफी वाहत गेली. ती बाई भिंतीकडं बोट करून ओरडत होती, स्वतःच्या कपाळावर हात मारत होती. दोन-चार माणसं दुकानांतून बाहेर आली. एकानं डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडावर धरली.

जावयानं सांगितलं होतं ते हेच! वराडायचं न्हाई, झोंबायचं न्हाई. राजूबाईनं स्वेटरची चेन खाली ओढली, मंगळसूत्र गळ्यातून काढलं आणि त्या बाईपुढं धरलं.

"घे, अक्का. सगळं घे. फकत लेकराला काय करू नगं."

ती बाई त्या सोन्याकडं बघतच राहिली. मग तिनं राजूबाईचा हात असा काही झिडकारला, की मंगळसूत्र फुलांत जाऊन पडलं.

तेवढ्यात मंजुश्री धापा टाकत पोचली. पोरीला भुईवरून उचलायला ती वाकणार, तोच त्या बाईनं तिचा हात धरून तिच्यावर स्पॅनिशचा भडिमार केला. मंजुश्री ऐकत गेली आणि तिचा रंग उतरत गेला.

"काय म्हणायलीय? पैसे पायजेत का तिला?"

"आई, गप."

"अगं, सांग की!"

"आई, ही देवी न्हाई. ही तिची लेक हाय. कामिला. कॉलेजला होती. इथंच, ह्याच कोपऱ्यावर, मोबाईल हिसकायला आलेल्यांनी गोळी घातली तिला." मंजुश्रीनं भिंतीकडं बघितलं आणि नजर खाली घातली. "कपाळात."

राजूबाईनं वर बघितलं. तिनं लावलेलं कुंकू. झिमझिम सुरू झाली होती, आणि कुंकू भिजून पोरीच्या दोन भुवयांमधून नाकावर उतरत होतं.

"अगं आई गं," ती म्हणाली. मग तिला काहीच सुचेना. पदर घेऊन ती भिंतीवर तुटून पडली, पुसायला. पुसलं तसं ते आणखी पसरलं. गालावर गेलं, हिरव्या पोशाखावर ओघळलं. "चुकलं, अक्का, चुकलं!" तिनं मराठीत म्हटलं. "तप्पायितु!" कन्नडात म्हटलं. "गलती हो गई, माफ करो!" आळंदच्या बाजारात कुठंच न अडलेल्या तिन्ही भाषा तिनं एकामागून एक त्या बाईपुढं टाकल्या. एकही तिच्यापर्यंत पोचली नाही.

शेवटी त्या बाईनंच तिचं मनगट धरून पदर बाजूला केला. समोरच्या दुकानातून बादली आणि फडकं आणलं. स्वतः पुसायला लागली, कपाळापासून खाली, हलक्या हातानं, जसं झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं. राजूबाई अनवाणी उभी होती, पाय गारठून बधिर झालेले.

अर्ध्यातच नात रडायला लागली.

त्या बाईनं खाली बघितलं. फडकं टाकलं, वाकली आणि ओल्या फुटपाथवरून लेकरू उचललं. जॅकेटच्या आत घेतलं, चेन ओढली. मग पुन्हा राजूबाईवर तोंड सोडलं, पण हे ओरडणं वेगळं होतं. हे समजायला मंजुश्री लागली नाही. एवढंसं लेकरू, अशी थंडी, आणि जमिनीवर? डोकं ठिकाणावर हाय का तुझं? खजुरीत राजूबाई स्वतः सुनाबाळींना ह्याच सुरात बोलायची.

"द्या, द्या इकडं," मंजुश्री हात पसरून पुढं झाली.

राजूबाईनं लेकीचा दंड धरला.

"थांब. हिसकू नगं."

"आई, अनोळखी बाई हाय! प्रशांत कुठं गेला? प्रशांत!"

"तिनं उचललंय. तिनंच दिऊ दे."

मंजुश्री आईकडं बघतच राहिली. "आई, तुला कळायलंय का काय बोलायलीस? हिची लेक..." पुढचं तिनं गिळलं. असल्या बाईची सावली आपल्याकडं बाळंतिणीवर पडू देत नाहीत. मंजुश्रीला हे कुणी शिकवलं होतं? राजूबाईनंच.

"कळायलंय मला," राजूबाई म्हणाली. "पदर पसर."

"जीन्स घातलीय मी."

"मग शाल पसर."

ती बाई, तिचं नाव लूस, हे सगळं बघत होती. मायलेकी कशावरून भांडतायत हे तिला कळायचं कारण नव्हतं. जॅकेटच्या आत पोर गप झालं होतं. लूस जॅकेटवरून तिला थोपटत राहिली. बराच वेळ. प्रशांतकुमार मागून पळत आला तो सुद्धा दोन हातांवर थबकला. मग लूसनं चेन उघडली, पोरीची टोपी सारखी केली आणि तिला मंजुश्रीनं पसरलेल्या शालीत घातलं. एक शब्द बोलली.

"काय म्हणाली?"

"सांभाळ म्हणाली."

लूसनं फुलांतून मंगळसूत्र उचलून राजूबाईच्या मुठीत कोंबलं आणि पाठ फिरवून पुन्हा फडकं हातात घेतलं. त्यांच्याकडं परत बघितलं नाही. लांबून दिसत होतं, कपाळावर एक फिकट लाल डाग राहिलाच होता, आणि ती तो घासत होती.

टॅक्सीनं ते घरी आले. राजूबाईचे बूट तिथंच राहिले होते. ते आणायला परत जाऊ, असंही कुणी म्हणालं नाही.

तिकडं रात्र झाली तेव्हा खजुरीत दिवस उगवला होता. राघोबाचा फोन आला. माणूस रानात निघाला होता, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"काय गं, लेकराचं झालं का देवीला घालायचं? कामून फोन केला न्हाईस?"

"झालं."

"घावली का देवी तिकडं?"

राजूबाईनं अंगठा पदराला पुसला.

"आन् उचललं कुणी? मंजुश्रीच्या वळखीची का कोण?"

"इथलीच एक बाई."

"लेकुरवाळी हाय न्हवं?"

पलंगावर मंजुश्री पोरीला पाजत होती. तिनं मान वर करून आईकडं बघितलं. राजूबाईच्या अंगठ्याला अजून लाल रंग होता, दोनदा धुऊनही गेला नव्हता.

"व्हय," राजूबाई म्हणाली. "लेकुरवाळी हाय."