अप्पांचे हजार शब्द

शब्द मोजायचे तर वर्डमध्ये नुसतं खाली कोपऱ्यात बघितलं तरी भागतं. पण मी पडले चेन्नईत शोळिंगनल्लूरला कोड लिहून पोट भरणारी. सासऱ्यांसमोर मिरवायची संधी कोण सोडतं?

सासरे, म्हणजे आमचे अप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. घराणं तंजावरचं, बिऱ्हाड इथे चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीत. मी साताऱ्याची. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नुसती मान हलवत काढलं. तर अप्पांनी इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिला होता, तंजावरहून मद्रासला येऊन बस्तान कसं बसवलं त्याचा. तीन आठवडे एका बोटाने टाइप केलेला. मर्यादा हजार शब्दांची, आणि त्याहून जास्त झाले तर संपादक वाटेल तिथे कात्री लावतील, ही त्यांना धास्ती.

"मोजून दे गे," म्हणाले.

मी ऐटीत प्रोग्राम लिहिला. फाइल वाचायची, मोकळ्या जागांवर तोडायची, तुकडे मोजायचे. एंटर दाबलं. सोळाशे बारा!

"अय्यो!" अप्पा मटकन खाली बसले.

"छाटा," मी म्हटलं. माझा आगाऊपणा बघा, लेख उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

चार दिवस अप्पा छाटत होते आणि मी मोजत होते. रविवारी आकडा नऊशे अठ्ठ्याण्णववर आला. मग कॉफी घेत त्यांनी तो अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाचून दाखवला. लेखात साहेबांनी पाठ थोपटली, बढती मिळाली, घरात पहिला पंखा आला. अम्मांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मी एग्मोरला उतरले, ते कुठंय?"

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नवी नवरी तंजावरहून एकटी एग्मोर स्टेशनवर उतरली, आणि रेल्वेत नोकरी करणारा नवरा चुकीच्या फलाटावर उभा! दोन तास अम्मा आपल्या ट्रंकेवर बसून होत्या.

"जागा नव्हती," अप्पा म्हणाले. "हजारच शब्द."

अम्मा कप उचलून आत गेल्या. दोन दिवस अप्पांशी बोलणं माझ्यामार्फत. "त्यांना सांग, पान वाढलंय." अप्पा समोरच बसलेले असायचे.

मला ते बघवेना. काही आणखी कोंबता येईल का, म्हणून मी फाइल पहिल्यांदा स्वतः उघडली. मराठी लेख एका पानातच संपला. एवढासा? खाली सरकवत गेले, तर बरीच कोरी जागा सोडून तोच लेख तमिळमध्ये. अख्खा!

"अप्पा, हे काय?"

"नातवंडांसाठी. त्यांना मराठी कुठे वाचता येतं? मंडळ मराठी, तर मशीन मराठीच मोजेल ना?"

मी कपाळावर हात मारला. माझ्या प्रोग्रामने दोन्ही भाषा एकत्र मोजल्या होत्या. मराठीचे शब्द उरले होते जेमतेम तीनशे. छाटलेले सहाशे धरले तरी मूळ लेख मर्यादेत बसत होता आणि मी त्यांना तो उगाच कापायला लावला होता. इतकी लाज वाटली! धावत स्वयंपाकघरात गेले.

"अम्मा, चूक माझी. आकडाच खोटा होता. तुमचं एग्मोर तमिळमध्ये आहे तसंच आहे, ते परत मराठीत घालू. उद्यापर्यंत मुदत आहे."

अम्मा हात पुसत बाहेर आल्या. उभ्याउभ्याच तमिळमधला आपला भाग वाचला. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच थेट अप्पांकडे वळल्या.

"आकडा मशीनने सांगितला. मला काढा, असंही मशीनने सांगितलं?"

अप्पा डोकं खाजवत राहिले. "ऑफिस आता नाही, साहेब गेले. लिहून ठेवलं नाही तर सगळं जाईल. तू काय, आहेसच की घरात."

"म्हणजे मी गेल्यावर लिहिणार?"

अप्पांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि शेजारची खुर्ची अम्मांसाठी सरकवली.