कुलूपबंद नामावळी

पंचवटीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात एकच संगणक होता, आणि त्याचं कुलूप रावणाच्या दहा तोंडांनी फुंकर मारली तरी उघडणार नाही, असं मी गल्लीभर सांगत असे. अख्खी हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केली होती. संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर तो पासवर्ड मागायचा. नाही दिला, तर आतलं सगळं भुसा.

हा खटाटोप शेजारच्या, घाटावर यजमानांचे विधी करणाऱ्या थोरल्या गुरुजींसाठी. सात पिढ्यांच्या यजमानांची त्यांची नामावळी पुरात भिजून लगदा झाली. त्याआधी मी ती टाइप केली होती, म्हणून वाचली. ती एकुलती प्रत त्यांच्या चुलतभावाच्या, म्हणजे धाकट्या गुरुजींच्या हाती लागली, तर निम्मे यजमान तिकडे जाणार होते.

एका दुपारी चहा पिऊन परतलो, तर धाकटे गुरुजी माझ्याच खुर्चीत. पडद्यावर नामावळी.

"अकोला उतरवून झालं," मांडीवरच्या वहीत लिहीत ते म्हणाले. "आता इंदूरला येतच होतो."

मला असा घाम फुटला की गोदावरी दोन बोटं चढली असेल. सकाळी एकदा पासवर्ड दिला की संगणक बंद होईपर्यंत डिस्क सताड उघडी, हे मला तेव्हा उमगलं. झडप घालून मी संगणकाचं बटण बंद केलं.

"काय झालं हो?"

"भारनियमन."

त्यांनी वर पाहिलं. "पंखा चाललाय."

तेवढ्यात थोरले गुरुजी धापा टाकत आले. "इंदूरचे यजमान घाटावर उभे आहेत. पणजोबांचं नाव काढ, नाहीतर दुसऱ्याकडे जातील."

धाकटे हलेनात. "बाहेर फार ऊन आहे," म्हणाले.

संगणक चालू केला. काळा पडदा. पासवर्ड म्हणजे मराठी टायपिंगची एक अख्खी ओळ, इंग्रजी कळांवर बडवलेली. ती बोटांना पाठ, डोक्याला नाही. आणि पडद्यावर दिसतात नुसत्या चांदण्या. भीतीने बोटं लाकडाची झाली. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. छातीतली धडधड ओझरच्या विमानांना ऐकू गेली असावी.

"अरे बाबा, ते निघाले असतील," थोरले पुटपुटले. त्यांचा आवाज रडवेला होता.

मग मी डोळे मिटले आणि रोजच्यासारखी ओळ म्हणत म्हणत टाइप केली: "येथे लग्नपत्रिका सुबक छापून मिळतील."

डिस्क उघडली. पणजोबा सापडले. चिठ्ठी घेऊन थोरले घाटाकडे पळाले, आणि यजमान टिकले.

धाकटे सावकाश उठले. उंबऱ्यात थांबून त्यांनी मान वर केली आणि माझ्या दुकानाची पाटी शांतपणे वाचली.

"बरीच वर्षं पाहतोय," म्हणाले, "पण आज कळली."

पासवर्ड मी तिथल्या तिथे बदलला. तेव्हापासून संगणक चालू करताना तोंडात सुपारी धरतो, आणि चहाला जाताना तो आधी बंद करतो.