तळ्यातली कर्दळ

चाकणच्या आमच्या कंपनीतली कर्दळ मी मारली आणि बोलणी मात्र माळीणमावशींनी खाल्ली, हे कूलंटचा तो आंबूस, तेलकट वास आला की अजून आठवतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशिनी धुताना निघालेलं ते कूलंटचं, म्हणजे लोखंड कापताना थंड ठेवायला सोडतात ते पांढरट पाणी ड्रममध्ये भरायचं सोडून, घाईघाईत मी बागेतल्या तळ्याकडे जाणाऱ्या गटारात ओतलं. चार दिवसांत तळ्याच्या काठाला पाण्यात उभी असलेली हिरवीगार कर्दळ करपली. मॅनेजर मावशींना म्हणाले, "काय खत घातलंय तुम्ही? पुन्हा असं झालं तर दुसरी माळीण बघू." मी शेजारीच उभा होतो, गप्प. मावशी आठवडाभर बादल्यांनी पाणी बदलत राहिल्या, करपलेले दांडे बुडातून कापले आणि चिखलात हात घालून मला म्हणाल्या, "गड्डा जिता हाय, भाऊ. पानं गेली म्हून काय झालं?" माझा विश्वास बसला नाही. पण उन्हाळ्यात, शेडचे पत्रे तापलेले असताना, त्याच पाण्यातून पुरुषभर उंच दांडे वर आले आणि टोकांना अशी लालभडक फुलं उमलली, की पहिल्या शिफ्टची माणसं हजेरीचं पंचिंग विसरून काठावर थांबली. माझे तर हात आपोआप जोडले गेले. पुढच्या खंडेनवमीला मावशींनी त्यातलंच एक फूल माझ्या मशिनीला वाहिलं, तेव्हा मला राहवलं नाही. "मावशी, गेल्या वर्षी तळ्यात मशिनीचं ते पाणी मी सोडलं होतं आणि मॅनेजर तुम्हाला बोलत होते तेव्हा गप्प बसलो. मला माफ करा."