खुनी चपला काढतो

भीती ही माणसाची सर्वांत प्राचीन कला आहे, असं मी परीक्षक म्हणून गंभीरपणे सांगितलं आणि मग प्रोजेक्टर सुरू होईपर्यंत आम्ही सगळे वीस मिनिटं बसून राहिलो.

परीक्षेला बसलेल्या मृण्मयीने तिच्या थरारपटाची फक्त सुरुवात केली होती, दोन मिनिटांची. ही सुरुवात पसंत पडली तरच तिला उरलेला चित्रपट करायला मिळणार होता. रिकामा जिना, अर्धवट उघडं दार, सुरा घेतलेला माणूस, सगळं नेहमीचं. मग त्या माणसाने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, जोडीने नीट लावल्या आणि तो आत गेला. माझ्या अंगावर काटा आला. आपल्यासारखंच वळण लागलेला कुणीतरी खून करायला आला होता.

मूल्यमापनाच्या कागदावर रकाना होता, 'थरारपटाचा रूढ संकेत कुठे मोडला?' मी विचारलं, "चपलांचं कसं सुचलं?"

"सुचलं नाही, सर. मावशीच्या घरी शूटिंग होतं. ती म्हणाली, खून कर नाहीतर काही कर, चपला बाहेर."

मागून तिची मैत्रीण पुटपुटली, "गप्प बसली असतीस तर पास होतीस, बाई."

मी रकान्याकडे बघत राहिलो. तिने थरारपटाचा संकेत मोडला की नुसता घरचा पाळला, हे मला अजूनही कळलेलं नाही. भीती मात्र खरी वाटली होती. शेवटी रकान्यात 'उंबऱ्यावर' एवढंच लिहून मी तिला पास केलं.

श्रेयनामावलीत मावशीचं नाव 'चहा-नाश्ता' या सदराखाली आहे.