नोंद आधी, तपासणी नंतर

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे शाळेतल्या बाईंपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. चाकणच्या कंपनीत आठ वर्षं क्वालिटीत उभ्याउभ्या काढल्यावर मला एकदम खुर्चीत बसवून लिहायला लावलं, तेव्हा म्हणूनच मी कुरकुरले.

कंपनीने माल पाठवण्यासाठी एआय एजंट आणला होता. त्याच्या हाताशी टूल्स दिली होती: साठा बघणे, गाडी बोलावणे, लॉट सोडणे. प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या. हे काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. एजंट तेवढंच वाचून ठरवतो. "तुम्हाला इथलं सगळं माहितीये, मॅडम," साहेब म्हणाले. माहिती होतं ना. इथंच तर घोडं पेंड खात होतं.

'लॉट सोडणे'खाली मी लिहिलं: "तपासणीची नोंद पूर्ण असलेला लॉट गाडीत भरायला मोकळा करण्यासाठी वापरावे." एका दमात लिहून चहाला पळाले.

आता खरं काय ते सांगते. आमच्याकडे नोंद आधी होते, तपासणी नंतर. पहिली पाळी तीनला सुटते आणि कंपनीची बस कुणाच्या बापासाठी थांबत नाही. म्हणून अडीचलाच सगळ्या लॉटपुढे 'ओके' भरून टाकायचं आणि मग गेज घेऊन आमच्या मालाची, म्हणजे लोखंडी ब्रॅकेटची, भोकं मोजत सुटायचं. मोजून झालं की डिस्पॅचवाल्याला लांबूनच हात करायचा. तो हात दिसल्याशिवाय डिस्पॅचवाला माल सोडत नसे. मी वर्षानुवर्षं हेच केलं. माझ्या जागी लातूरकडचे काका कॉन्ट्रॅक्टवर आले. ते बिचारे आधी मोजायचे, मग भरायचे, आणि रोज बस चुकवून थेरगावपर्यंत धक्के खात जायचे. मीच त्यांना म्हणाले, "काका, आधी भरून टाका हो. सगळे तसंच करतात."

एजंटला कुणी हात केलेला दिसत नाही. एका मंगळवारी पावणेतीनला त्याने 'ओके' वाचलं आणि लॉट सोडला. काका तेव्हा शेजारचा लॉट मोजत होते. भोकं मोठी निघाली, सगळा माल गिऱ्हाइकाकडून परत आला.

मीटिंगमध्ये साहेबांनी एकच विचारलं, "ओके कुणी भरलं?" काका मान खाली घालून उभे. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं आणि ते पुढे वाढणार की नाही, हे या खोलीत ठरणार होतं. ही पद्धत माझी आहे, टूलखालच्या ओळीही माझ्याच, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी मूग गिळून बसले. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नाही. माझी आठ वर्षांची 'ओके' कुणी उकरून काढली असती तर?

संध्याकाळी बसमध्ये बसवेना. डांगे चौकाच्या बऱ्याच आधी उतरून चालत निघाले. मेथी घेतली आणि भाजीवालीकडेच विसरून आले. घरी कुकरच्या रिंगवरून नवऱ्याशी भांडले. त्याचा काही दोष नव्हता.

सकाळी कंपनीत गेल्या गेल्या उभ्यानेच लिहिलं: "तपासणीची नोंद आहे म्हणजे तपासणी झाली, असे समजू नये. येथे पाळी सुटण्याआधी नोंद भरून ठेवतात. तपासणाऱ्या माणसाला विचारावे. त्याने 'मोजून झालं' असे कळवल्याशिवाय हे टूल वापरू नये."

साहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ऑडिटवाले बघतील हे! 'नोंदीत तफावत संभवते' असं काहीतरी करा."

"त्यातून एजंटला काय कळणार, कप्पाळ?" मी म्हणाले. मग एकदाचं तोंड उघडलं. "आणि साहेब, काकांना हे मीच शिकवलंय. मीसुद्धा आठ वर्षं असंच भरत होते."

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कॉन्ट्रॅक्टरला कालच कळवलंय," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस येतोय." मी भांडले, कॉन्ट्रॅक्टरला फोन लावायला लावला. काही उपयोग झाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत काका कॅन्टीनमध्ये एकटेच बसले होते. मी समोर बसले आणि त्या ओळी मोबाईलवरून वाचून दाखवल्या. का, कुणास ठाऊक. त्यांना बरं वाटेल असं वाटलं असेल मला.

"चांगलं लिव्हलंय," ते म्हणाले. "लेकराला बी कळंल." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "ताई, काल मीटिंगमदी येवढंच बोलल्या असत्या तर?"

"चुकलं माझं, काका."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलंच."